दाताचा पत्ता: त-थ-दपासून तीन-सहापर्यंत

‘त, थ, द, ध’ सावकाश म्हणून बघा. दर वेळी जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या आतल्या अंगाला जाऊन भिडतं. म्हणून व्याकरणात हे वर्ण दंत्य. ‘प, ब, म’ म्हणताना ओठ मिटतात, ते ओष्ठ्य. जीभ टाळूकडे उचलली की तालव्य. शाळेत आपण हे शब्द पाठ केले, पण त्यांच्यातल्या युक्तीकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही: तोंडातली जागा सांगायची असेल तर तिच्या शेजारी कोण आहे ते सांगायचं. ओठ, गाल, जीभ, टाळू. दातांच्या डॉक्टरांची परिभाषा बरीचशी याच युक्तीवर उभी आहे. शब्द तेवढे लॅटिनमधून आलेले.

केसपेपरवर ‘३६, डीओ, डीप’ एवढंच लिहिलेलं असतं आणि आपण तो कागद घडी घालून ठेवून देतो. तोंड आपलं, दुखणारा दात आपला, आणि त्याच्याबद्दल काय लिहिलंय ते मात्र आपल्याला वाचता येत नाही, याची मला मनापासून चुटपुट लागते. कारण ही भाषा अवघड नाही. तो एक पत्ता आहे. आधी गल्ली कळली, मग घर, मग घराची भिंत, की सगळं वाचता येतं.

भिंतींपासून सुरुवात करू. दाताची जी बाजू ओठाकडे असते ती लेबिअल. हा शब्द पुढच्या दातांसाठी, म्हणजे एका सुळ्यापासून दुसऱ्या सुळ्यापर्यंत. त्यामागे ओठ संपतो आणि गाल लागतो, म्हणून दाढांची बाहेरची बाजू बकल. आतली बाजू खालच्या जबड्यात जिभेला लागून असते, ती लिंग्वल. वरच्या जबड्यात टाळूकडे असते, ती पॅलटल. म्हणजे ‘त’ म्हणताना तुमची जीभ पुढच्या दातांच्या पॅलटल बाजूला टेकते. दाढेचा चावणारा माथा ऑक्लुजल आणि पुढच्या दातांची तोडणारी धार इन्सायजल.

उरल्या दोन बाजू, ज्या शेजारच्या दातांकडे असतात. इथे खरी अडचण येते. ‘पुढची’ आणि ‘मागची’ म्हणून चालत नाही, कारण दात सरळ रांगेत नसून कमानीत उभे असतात. दाढेची पुढची बाजू खरोखरच पुढे असते, पण अगदी समोरच्या दाताची तीच बाजू आडवी होऊन शेजाऱ्याकडे वळलेली असते. डावी-उजवी म्हणावं तर तोंडाच्या एका अंगाला एक अर्थ आणि दुसऱ्या अंगाला उलटा. यावर काढलेली तोड मला फार आवडते. समोरच्या दोन दातांच्या मधून एक उभी रेघ कल्पायची आणि कमानीच्या वाटेने त्या रेघेपासून मागे चालायला लागायचं. रेघेच्या जवळची बाजू मेसिअल, लांबची बाजू डिस्टल. कमान कितीही वळली तरी हे शब्द चुकत नाहीत.

आता ‘डीओ’ उलगडतं. डिस्टल आणि ऑक्लुजल: कीड दाताच्या मागच्या शेजाऱ्याकडच्या बाजूला आहे आणि माथ्यापर्यंत पोहोचली आहे. ‘एमओ’ असेल तर मेसिअल बाजू आणि माथा. ‘एमओडी’ म्हणजे दोन्ही शेजाऱ्यांकडच्या बाजू आणि मधला माथा. अशा वेळी दाताच्या भिंती फार कमकुवत होतात, म्हणून डॉक्टर नुसती सिमेंट-चांदी न भरता वरून कॅप घालायला सुचवतात.

मेसिअल आणि डिस्टल या बाजू लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. दोन दात जिथे एकमेकांना टेकतात त्या जागेखाली ब्रशचे केस पोहोचत नाहीत. तिथली कीड आरशात दिसत नाही, जिभेला लागत नाही, आणि बहुतेक वेळा एक्स-रेमध्येच सापडते. दातांमधून दोरा फिरवायला सांगतात तो या दोन बाजूंसाठी.

दातांचे प्रकार झटकन बघू. मोठ्या माणसाच्या तोंडाचे चार भाग केले तर प्रत्येक भागात मधल्या रेघेपासून दोन पटाशीचे दात, एक सुळा, दोन उपदाढा आणि तीन दाढा. आठ चोक बत्तीस. पटाशी म्हणजे सुताराचं लाकूड तासायचं हत्यार. पुढचे दात बाजूने पाहिले तर ते नाव का पडलं ते कळतं. नुकत्याच आलेल्या पटाशीच्या दाताच्या धारेवर तीन छोटे कंगोरे असतात. मुलाचा दात करवतीसारखा आलाय म्हणून काही आईवडील घाबरतात. घाबरण्यासारखं त्यात काही नाही, वापरात ते झिजून धार सरळ होते. सुळ्याचं मूळ सगळ्या दातांत लांब असतं, त्यामुळे तो सहसा शेवटपर्यंत टिकून राहतो. दाढांच्या माथ्यावर उंचवटे असतात, त्यांना कस्प म्हणतात, आणि त्यांच्यामधल्या बारीक घळींना फिशर. वरच्या दाढांना साधारणपणे तीन मुळं असतात, दोन गालाकडे आणि एक टाळूकडे. खालच्या दाढांना दोन, एक मेसिअल आणि एक डिस्टल. बघा, मुळांची नावंही त्याच पत्त्यावर पडली आहेत.

आता दात उभा चिरून आत बघू. माझ्या मते दाताबद्दलचे निम्मे प्रश्न या एका चित्राने सुटतात.

हिरडीच्या वर दिसतो तो क्राउन, हाडात रुतलेलं ते मूळ, आणि दोघांच्या सांध्याला दाताची मान म्हणतात. क्राउन हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो आणि त्यातून गोंधळ होतो: दाताचा नैसर्गिक दिसणारा भाग हाही क्राउन, आणि डॉक्टर वरून बसवतात ती कॅपही क्राउन.

क्राउनवरचं सगळ्यात बाहेरचं कवच म्हणजे इनॅमल. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. शरीरात याहून कठीण काही नाही, हाडसुद्धा नाही. दाढेच्या उंचवट्यावर त्याची जाडी जेमतेम अडीच मिलिमीटर असते आणि मानेकडे येता येता ते अगदी पातळ होत संपतं. इनॅमल ज्या पेशी बनवतात त्या दात हिरडीतून बाहेर येईपर्यंत नाहीशा होतात. म्हणजे कारागीर काम संपवून कायमचे निघून गेलेले असतात. हाड मोडलं तर जुळतं, कातडी कापली तर भरून येते, पण इनॅमलचा टवका उडाला तर तो परत येत नाही. लाळेतली खनिजं आणि फ्लोराइड सुरुवातीचा, पृष्ठभाग अजून शाबूत असलेला पांढरा डाग सावरू शकतात. एकदा खड्डा पडला की तो बाहेरूनच भरावा लागतो.

इनॅमल काहीसं पारदर्शक असतं. दाताचा रंग येतो तो मुख्यतः त्याच्या आतल्या थरातून, आणि तो थर मुळातच पिवळसर असतो. पांढरेशुभ्र दात म्हणजे निरोगी आणि पिवळसर म्हणजे खराब, हा समज त्यामुळे चुकीचा आहे. वय वाढतं तसं इनॅमल झिजतं आणि आतला थर जाड होत जातो, म्हणून निरोगी दातही पिवळे दिसू लागतात.

हा आतला थर म्हणजे डेंटिन. यात खनिज सुमारे ७० टक्के, बाकी कोलॅजेनसारखे सेंद्रिय पदार्थ आणि पाणी. इनॅमल काचेसारखं कडक पण ठिसूळ असतं. डेंटिन थोडं लवचिक असल्यामुळे त्याला आधार देतं. डेंटिन दगडासारखं भरीव नसतं. त्यातून सूक्ष्म नळ्या जातात, एका चौरस मिलिमीटरमध्ये हजारो, आणि त्या द्रवाने भरलेल्या असतात. हिरडी खाली सरकली किंवा मानेजवळचा भाग घासून घासून झिजला की नळ्यांची तोंडं उघडी पडतात. मग गार पाण्याचा घोट घेतला, नुसता गार वारा आत ओढला, तरी त्या नळ्यांतला द्रव हलतो, आतल्या टोकाशी असलेल्या मज्जातंतूंना ओढ बसते आणि कळ उठते. दात शिवशिवण्याचं आज सर्वमान्य असलेलं स्पष्टीकरण हेच. ब्रश जोर लावून घासू नका असं सांगतात ते यासाठी. दाताच्या मानेपाशी बचावाला इनॅमल फारच कमी असतं.

इथेच कीडही समजून घेऊ. मराठीत आपण दाताला कीड लागली म्हणतो, पण दातात किडा नसतो. दातावर साचलेल्या थरात जिवाणू असतात, ते साखर पचवून आम्ल सोडतात आणि त्या आम्लात इनॅमल विरघळतं. पीएच (आम्लतेचं माप; जितकं कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की विरघळायला सुरुवात होते. इनॅमल कठीण असल्याने तिथे कीड हळू चालते, पण डेंटिन मऊ, त्यात ती लवकर पसरते, आडवीही पसरते. म्हणून फिशरमध्ये टाचणीच्या डोक्याएवढा काळा ठिपका दिसतो आणि डॉक्टरांनी उघडल्यावर आत मोठी पोकळी निघते. ‘एवढ्याशा ठिपक्यासाठी केवढं कोरलं!’ अशी तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. सहसा कोरलेला भाग आधीच पोखरलेला असतो, वरून तो दिसत नसतो इतकंच.

डेंटिनच्या आत, दाताच्या अगदी गाभ्यात, पल्प. आपण बोलताना ‘दाताची नस’ म्हणतो, पण ती एक नस नव्हे. तो मऊ, जिवंत मांसल भाग आहे: रक्तवाहिन्या, मज्जातंतू, आणि डेंटिन बनवणाऱ्या पेशी. क्राउनमध्ये त्याची छोटी खोली असते आणि तिच्यापासून प्रत्येक मुळात एक किंवा अधिक बारीक वाटा उतरतात. मुळाच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म छिद्रातून रक्त आणि संवेदना ये-जा करतात. या वाटांचं नाव रूट कॅनल. होय, रूट कॅनल हे मुळात उपचाराचं नाव नाही. प्रत्येक दातात ती वाट निसर्गतःच असते. उपचारात ती साफ करून भरतात, आणि बोलता बोलता जागेचंच नाव उपचाराला पडलं.

पल्पला सूज आली की इतकं का दुखतं, तेही रचनेवरून कळतं. बोट सुजलं तर कातडी ताणते आणि सुजेला जागा मिळते. पल्पच्या चारी बाजूंना मात्र कठीण भिंती. सुजेला पसरायला जागा नाही, दाब आतच वाढतो. आणि हा पल्प दुखतंय एवढंच सांगतो, कुठे ते नीट सांगत नाही. म्हणून सुरुवातीला रुग्ण गालावर हात फिरवत ‘इथे कुठेतरी’ म्हणतो, कधी वरचा दात की खालचा हेही ठरवता येत नाही. पुढे संसर्ग मुळाच्या टोकाबाहेर पडला की चावताना नेमका तोच दात दुखतो आणि बोट ठेवून दाखवता येतो. ‘डीप’ लिहिलं असेल तर समजायचं की कीड पल्पच्या जवळ पोहोचली आहे. आता उशीर नको.

बोट ठेवून दाखवण्याची ही अचूकता येते कुठून? मुळाभोवतीच्या तंतूंमधून. मुळावर इनॅमल नसतं, सिमेंटम नावाचा पातळ थर असतो, आणि दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. सिमेंटम आणि हाड यांच्यामध्ये साधारण पाव मिलिमीटरची फट असते, आणि तीत तंतूंचं जाळं ताणलेलं असतं: पेरिओडॉन्टल लिगामेंट. दात या जाळ्यात टांगलेला असतो. चावताना तो किंचित दबतो आणि परत वर येतो. घासात बारीकसा खडा आला तर जबडा क्षणात थांबतो, तो याच तंतूंमधल्या संवेदनेमुळे. तारा लावून दात सरकवता येतात तेही यांच्यामुळेच: दाब पडतो त्या बाजूचं हाड विरघळतं, ओढ पडते त्या बाजूला नवं तयार होतं. इम्प्लांटचा, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळाचा, स्क्रू थेट हाडाला चिकटतो, मध्ये लिगामेंट नसतं, म्हणून त्याला ही जाणीवही नाही आणि तो तारांनी सरकतही नाही.

हा पाव मिलिमीटरचा थर एका प्रसंगी सगळं ठरवतो. खेळताना पडून मुलाचा कायमचा दात मुळासकट बाहेर आला, तर मुळाला चिकटून आलेल्या पेशी काही वेळ जिवंत असतात. त्या जगल्या तर दात पुन्हा धरू शकतो. म्हणून दात क्राउनला धरून उचलायचा, मुळाला बोट लावायचं नाही, घासायचं तर मुळीच नाही. माती लागली असेल तर क्षणभर दुधाने किंवा पाण्याने हलकेच धुऊन शक्य असल्यास तिथल्या तिथे जागेवर बसवायचा. ते जमत नसेल तर थंड दुधात ठेवून लगेच डॉक्टरांकडे धावायचं, अर्ध्या तासाच्या आत पोहोचलात तर उत्तम. रुमालात कोरडा गुंडाळलेला, किंवा स्वच्छ दिसावा म्हणून खरवडून धुतलेला दात वाचवणं फार अवघड होतं. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत, कारण खाली तयार होणाऱ्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते.

राहिला ३६ हा आकडा. तो छत्तीस असा वाचायचा नाही, तीन-सहा. पहिला अंक तोंडाचा भाग सांगतो: वरचा उजवा १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४. उजवं-डावं हे रुग्णाचं. डॉक्टर समोरून पाहतात, म्हणून कागदावरच्या तक्त्यात तुमची उजवी बाजू डावीकडे दिसते. दुसरा अंक मधल्या रेघेपासूनचा क्रमांक, १ ते ८. तीन-सहा म्हणजे खालच्या डाव्या भागातला सहावा दात, पहिली दाढ. दुधाच्या दातांसाठी भागांचे अंक ५ ते ८. ही एफडीआयची (दंतवैद्यांच्या जागतिक संघटनेची) दोन-अंकी पद्धत जगात बहुतेक ठिकाणी चालते. त्याआधी १८६१ मध्ये व्हिएन्नाच्या अडॉल्फ झिगमोंडी यांनी अधिक-चिन्हासारखी फुली काढून तिच्या चार कोपऱ्यांत आकडे लिहायची पद्धत मांडली होती. तिचं रूप अजूनही काही डॉक्टर वापरतात.

अमेरिकेत मात्र दातांना सलग १ ते ३२ क्रमांक देतात, आणि इथे सावध राहायला हवं. दोन-अंकी पद्धतीत १८ म्हणजे वरची उजवी अक्कलदाढ. अमेरिकी पद्धतीत १८ म्हणजे खालची डावी दुसरी दाढ. एक बऱ्याचदा काढून टाकतात, दुसरी जिवापाड जपायची. परदेशातले कागद घेऊन दुसऱ्या देशात उपचार घेत असाल, तर क्रमांकासोबत दाताचं नावही लिहून घ्या.

सहाव्या दाताबद्दल अजून थोडं सांगायचं आहे, कारण सगळ्यात जास्त हळहळ मला त्याचीच वाटते. संस्कृतात दाताला द्विज म्हणतात, दोनदा जन्मणारा. पण हे वर्णन सगळ्या दातांना लागू होत नाही. दुधाचे दात वीस, कायमचे बत्तीस. वीस दात दुधाच्या दातांची जागा घेतात. गंमत म्हणजे दुधाच्या दाढांच्या जागी कायमच्या दाढा येत नाहीत, उपदाढा येतात. खालून येणाऱ्या दाताच्या वाटेवर दुधाच्या दाताचं मूळ विरघळत जातं, म्हणून पडलेला दुधाचा दात बिनमुळाच्या टोपीसारखा दिसतो. उरलेल्या बारा दाढा मात्र एकदाच जन्मतात. त्यांच्या आधी तिथे कुणी नसतं आणि नंतरही कुणी येणार नसतं.

त्यातली पहिली येते वयाच्या सहाव्या वर्षाच्या आसपास, दुधाच्या दातांच्या मागे, मोकळ्या जागेत. तिच्यासाठी कुठला दात हलत नाही की पडत नाही. घरात कुणाला कळतही नाही. पुढचा एखादा दुधाचा दात पडल्याचं कौतुक चाललेलं असतं आणि मागे ही गुपचूप उगवते. पुढे कीड दिसली तरी घरचे म्हणतात, ‘दुधाची दाढ आहे, पडेल नि नवी येईल.’ ती पडणार नसते. शिवाय अर्धवट उगवलेली असताना तिचा माथा शेजारच्या दाढेपेक्षा खाली असतो, ब्रश वरच्यावर निघून जातो. फिशर खोल असतात आणि नव्या इनॅमलची खनिजं अजून पक्की व्हायची असतात. कीड लागायला सगळ्या गोष्टी जुळून आलेल्या. याच काळात फिशर सीलंटने तिच्या घळी बुजवता येतात.

ओळखायची खूण एकदम सोपी आहे. दुधाचे दात प्रत्येक भागात पाचच असतात. मूल सहा वर्षांचं झालं की त्याला उजेडात बसवा, मोठा ‘आ’ करायला सांगा, आणि मधल्या रेघेपासून मागे मोजत जा. एक, दोन, तीन, चार, पाच. मधला एखादा पडला असेल तर त्याची रिकामी जागाही मोजा. पाचव्याच्या मागे सहावा दिसला, नुसता एक पांढरा उंचवटा हिरडीतून डोकावताना दिसला, तरी तो कायमचा. वर उजवीकडे असेल तर एक-सहा, डावीकडे दोन-सहा, खाली डावीकडे तीन-सहा, उजवीकडे चार-सहा. त्या रात्रीपासून ब्रश आडवा धरून तिच्या माथ्यावर वेगळा फिरवायचा.